साचा अर्धाच भरत असेल तर
तुम्ही म्हणताय, हाताच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनमध्ये (वितळलेलं प्लास्टिक लिव्हरने दाबून साच्यात भरायचं यंत्र) पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, नीट वितळतंय, लिव्हरवर पूर्ण जोर लावताय तरी साचा अर्धाच भरतोय, तर आधी साचा गरम करून बघा, ५०-६० डिग्री पुरे, कारण थंड अ‍ॅल्युमिनियमला लागलं की प्लास्टिक वाटेतच गोठतं आणि मग कितीही दाबा, पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे आतली हवा. तिला बाहेर पडायला जागा नसेल तर शेवटचा कोपरा रिकामाच राहणार, तिथे पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) ०.०२ मिमीच्या आसपास खाच द्या, खोल झाली तर फ्लॅश येतो, म्हणजे प्लास्टिक फटीतून पातळ पापुद्र्यासारखं बाहेर येतं. बॅरल (प्लास्टिक वितळतं ती नळी) २२०-२३० डिग्रीला ठेवा, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) नोझलजवळ, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडतं त्या तोंडाजवळ, आहे ना? आणि प्लीज, पीव्हीसीचे तुकडे त्यात कधीच टाकू नका, जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांची वाट लागते.