रायझोपस आणि फ्युनारिया: मूलाभ (मुळांसारखे धागे) दोन्हींत, बीजाणू दोन्हींत, मग फरक कुठून धरायचा?

विद्यार्थी_जीव: पावावरची बुरशी (रायझोपस स्टोलोनिफर) आणि फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस यांची तुलना लिहायची आहे. 'एक हिरवं, एक नाही' याच्या पुढे जाता येत नाही. काचपट्टीवर नेमकं काय शोधू?

तंतू: आधी मूलाभ बघा. फ्युनारियाचे बहुपेशीय असतात आणि त्यांतले आडपडदे तिरके दिसतात. त्यांचं मुख्य काम पकड धरणं. रायझोपसच्या तंतूंत सहसा आडपडदेच नसतात; एकाच नळीत असंख्य केंद्रकं. त्याचे मूलाभ पावात रुतून विकरं (एन्झाइम) सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषतात. पेशीभित्तिकाही वेगळी: बुरशीत कायटिन-कायटोसान, मॉसमध्ये सेल्युलोज. मॉसच्या पानावर आयोडीन टाकलं तर हरितलवकांतला स्टार्च निळा-काळा होतो. बुरशी साठवते ग्लायकोजेन (वेगळ्या प्रकारचं साठवणीचं कर्बोदक), त्यामुळे तो रंग येत नाही. मात्र तंतूंना पावाचे कण चिकटलेले असले तर तेच निळे होऊन फसवतात.

बीजाणू_वाचक: खरा मुद्दा बीजाणूंचा. रायझोपसच्या काळ्या बीजाणुधानीतले (बीजाणूंच्या पिशवीतले) बीजाणू साध्या सूत्री विभाजनाने होतात, म्हणजे मूळ बुरशीच्या नकला. फ्युनारियाच्या बोंडातले (दांड्याच्या टोकावरच्या कुपीतले) अर्धसूत्री विभाजनाने, म्हणजे गुणसूत्रं निम्मी होऊन. ते बोंड आणि त्याचा दांडा ही वेगळी द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) पिढी आहे, हिरव्या एकगुणित (एकच संच असलेल्या) झाडावर पोसणारी. रायझोपसमध्ये द्विगुणित अवस्था झायगोस्पोरपुरतीच (दोन तंतूंच्या मिलनातून होणारा जाड कवचाचा बीजाणू), आणि तो व्हायला + आणि − असे बुरशीचे दोन्ही मिलन-प्रकार जवळ यावे लागतात. एकाच पावावर झायगोस्पोर न दिसण्याचं कारण बहुधा हेच.

विद्यार्थी_जीव: मध्यस्तंभ (कोलुमेला) दोन्हींत आहे म्हणतात?

बीजाणू_वाचक: नाव एकच, वस्तू वेगळ्या. मॉसमध्ये तो बोंडाच्या मधला पेशींचा खांब, भोवती बीजाणूंची पिशवी. रायझोपसमध्ये बीजाणुधानीत शिरलेला घुमट. बीजाणू सुटल्यावर तो उलट्या वाटीसारखा खाली बसतो.

तंतू: काचपट्टीबद्दल थोडं. बुरशी थेट पाण्यात ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात. आधी 70 टक्के अल्कोहोलचा एक थेंब, मग लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू (बुरशी निळी रंगवणारं द्रावण; यात फिनॉल असतं, हाताला लागू देऊ नका). पूर्ण काळी झालेली बुरशी घेऊ नका. बीजाणुधान्या फुटून सगळीकडे बीजाणूच दिसतात. पांढरट-करडा भाग निवडा. फ्युनारियाचं पिकलेलं तपकिरी बोंड मात्र कोरडंच ठेवा, सुईने झाकण काढा आणि कव्हरस्लिप न लावता कमी भिंगाखाली पाहा. बोंडाच्या तोंडाभोवती बाहेर 16, आत 16 असे दात दिसतील. हळूच फुंकर घाला: श्वासाच्या ओलाव्याने बाहेरचे दात हलतात. भिजलेल्या बोंडात ही हालचाल दिसणार नाही.