लिव्हिंग विलवर आपल्याकडं सही कोण करणार?

आयसीयू_ब्रदर
मी मूळ परभणीकडचा, संभाजीनगरला एका खाजगी दवाखान्यात आयसीयूला ब्रदर म्हणून अकरा वर्षं काढलीत. परवा आमच्याकडं एक लेक्चर झालं. विषय लिव्हिंग विलचा, म्हणजे मोठा आजार झालेल्या माणसानं शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, व्हेंटिलेटर लावायचा का नाई, हृदय थांबलं तर छाती दाबायची का नाई, बोलता येईना झालं तर आपल्यावतीनं कोण बोलणार. अमेरिकेच्या स्लाइडा दाखवल्या, तिथं गोरे लोक असा कागद जास्त करून ठेवतात, काळे आणि मेक्सिकन वगैरे कमी. मग सर म्हणले आपल्याकडं पण तसंच, समाज भावनिक, अवेअरनेस कमी. सगळे माना हलवायले.

मला नाई पटलं. ज्या माणसाला आयुष्यभर "बेड नाई, पुढं न्या" हेच ऐकायला मिळालं, त्याच्यासमोर तुम्ही कागद ठेवता की बेड नको असं लिहून दे. तो कामून देईल? त्याला वाटणारच की हे आपल्याला लवकर मोकळं करायलेत. याला अवेअरनेस कमी म्हणायचं का जास्त?

आणि प्लॅनिंग आपल्याकडं होतं की. डिस्चार्जच्या काउंटरवर होतं. डामा म्हणतात त्याला, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. फुले योजनेत बसलं तर बसलं, नाई बसलं तर पहिले आठ दिवस सोनं, मग शेत, मग एक दिवस मामा का चुलता पुढं येतो आणि म्हणतो "श्वास चालू हाय तवर घरी न्यावं म्हणतो". एका ओळीवर सही, "आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत". मी जिंतूरपर्यंत ॲम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत गेलोय, अडीच-तीन तास, हाताला गोळे आलते. दारात बायका उभ्या, तोंडात पाणी, तुळशीचं पान, मग मी नळी काढली. पेशंटला कुणी विचारलं नव्हतं, पण पेशंटला विचारलं असतं तरी तो हेच म्हणला असता असं घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मग आपल्या लोकांना नवीन कागद शिकवायचा का आधी भरवसा कमवायचा?

लातूरची_लेक
दादा, जिंतूरचं वाचून डोळ्यात पाणी आलं पण तुमचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. "घरातल्या सगळ्यांना माहीत होतं" हे वाक्य फार धोक्याचं आहे. माझ्या आईला फुप्फुसाचा आजार, सहा वर्षं घरी ऑक्सिजन. तिनं मला तीनदा सांगितलं, मला नळी घालू नका, माझे हात बांधू नका. मला सांगितलं, भावांना नाही, कारण भाऊ ऐकायलाच बसत नव्हते. शेवटी दवाखान्यात मी हे बोलले तर मोठा दादा म्हणाला "तू लग्न होऊन गेलेली, तुला काय करायचंय". १९ दिवस व्हेंटिलेटर. हात बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून.

आपल्याकडं "घरचे ठरवतील" म्हणजे मोठा भाऊ ठरवतो. पाव्हणे काय म्हणतील ते ठरवतं. आईच्या सहीचा एक कागद असता तर मी तो डॉक्टरच्या टेबलावर ठेवला असता आणि गप उभी राहिले असते. माझ्याकडं तो नव्हता. तुम्ही म्हणता आधी भरवसा मग कागद, माझ्या आईला भरवसा होता हो, माझ्यावर. त्याची किंमत शून्य झाली.

आयसीयू_ब्रदर
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाई. हात बांधलेले मी रोज बघतो. पण तुमच्या आईनं सांगितलं ते स्वतःहून सांगितलं. मी बोलायलोय ते दवाखान्यानं मागितलेल्या सहीबद्दल. दोन्हीत फरक आहे असं मला वाटतं.

जालन्याचा_वाघमाऱ्या
ब्रदरचं बरोबर आहे पण त्यानं अर्धंच सांगितलं. मी बौद्ध आहे, माझ्या काकाला एका ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर कसं वागवलं ते इथं लिहीत बसत नाही. कोविडचा एप्रिल २०२१ आठवा फक्त. अंबाजोगाईत एका ॲम्ब्युलन्समध्ये २२ मृतदेह नेले, फोटो साऱ्या देशानं पाहिला. ते पाहिलेल्या माणसाला तुम्ही "सन्मानानं मरण" समजावून सांगणार?

आणि अमेरिकेचं म्हणताय तर पूर्ण वाचा. अलाबामात टस्कीगीला १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या जवळपास ४०० काळ्या माणसांना नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, आजार कसा वाढतो ते बघायचं होतं म्हणे. सरकारी आरोग्य खात्याचं काम होतं ते. त्यांची नातवंडं आज म्हणतात की शेवटपर्यंत सगळे उपचार करा, एकही मशीन काढू नका, तर त्याला कल्चर म्हणतात. कल्चर कसलं, आठवण आहे ती.

बीड_ते_लेस्टर
मी इंग्लंडमध्ये वयस्कर पेशंटांचा डॉक्टर आहे, गाव गेवराईजवळ. जालनेकरांशी बराचसा सहमत पण दोन गोष्टी मिसळू नका. १९९५ ला लॉस एंजेलिसमध्ये ६५ च्या पुढच्या ८०० लोकांना विचारलं होतं, प्रत्येक गटाचे २००. पसरलेला कॅन्सर असेल तर पेशंटला सांगावं का? गोरे ८७ टक्के हो म्हणले, काळे ८८ टक्के. मेक्सिकन ६५, कोरियन ४७. आणि मशीन लावायचं का ते पेशंटनं ठरवावं का, तर गोरे ६५, काळे ६०, मेक्सिकन ४१, कोरियन फक्त २८, बाकीच्यांना वाटत होतं घरच्यांनी ठरवावं.

बघा काय निघतं यातून. काळ्या लोकांना सगळं ऐकायचंय आणि स्वतःच ठरवायचंय, गोऱ्यांइतकंच. तरी कागद करत नाहीत. म्हणजे तिथं अडचण भरवशाची. कोरियन घरात अडचण वेगळीच, तिथं म्हाताऱ्याला ओझं द्यायचं नाही ही माया आहे. "अल्पसंख्याक मागे आहेत" अशी एकच स्लाइड दाखवणाऱ्या सरांना विचारा, मागे म्हणजे कुणाच्या मागे?

माझ्या क्लिनिकला गुजराती कुटुंबं येतात, पोरगा दारातच मला अडवतो, "डॉक्टर, बाला (आईला) कॅन्सर शब्द बोलू नका". आत गेलो की बा मला हळूच विचारते, किती दिवस? पोराला सांगू नका हं मी विचारलं म्हणून! दोघं एकमेकांपासून लपवतात. हे मी गेवराईत पण पाहिलंय, आमच्या आजोबांच्या वेळी. त्यामुळं "आपली संस्कृती अशी आहे" म्हणून मी बाला न विचारता पोराचं ऐकलं तर मी आळशी डॉक्टर.

नांदेड_देगलूर_नाका
सगळे भरवसा आणि कागद यावरच बोलायलेत. मी मुसलमान आहे, अब्बांचं सांगतो. आमच्यात वसीयत असते, ती मालमत्तेची, फार तर एक तृतीयांशापर्यंत. पण अब्बांनी तोंडी एक वसीयत केलती की जाताना कुणीतरी जवळ बसून कलमा म्हणावा आणि तोंड किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला असावं. बस्स. नळी घाला का नका, त्याबद्दल काही नाही, ते म्हणायचे शिफा द्यायची, म्हणजे बरं करायचं का नाही ते वरचा बघेल, तुम्ही कोशिश करा.

आता आयसीयूत भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाच, एकच माणूस, चप्पल काढून. अब्बा पहाटे चारला गेले. सिक्युरिटीवाल्यानं फोन केला. मला सांगा ब्रदर, तुमच्या फॉर्ममध्ये किब्ल्याचा रकाना आहे का? लोकांना विचारता ते तुमच्या मशीनीबद्दल. आमच्या मरणाबद्दल कुणी विचारत नाही.

आयसीयू_ब्रदर
रकाना नाई भाई. ते मशीनचंच सगळं, हो का नाई, टिकमार्क. ही गोष्ट मी सरांना सांगणार.

पैठणचे_निवृत्त_मास्तर
तरुणांनो, आपली परंपरा मरणाला घाबरत नव्हती. माउलींची संजीवन समाधी, नाथांची इथं गोदावरीत जलसमाधी. १९८२ साली विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं आणि देह ठेवला. जैनांची सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवणं, आहे, २०१५ ला राजस्थान हायकोर्टानं बंदी घातली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. मग लिव्हिंग विल आपल्याला परकं कसं? उगाच अमेरिका.

जालन्याचा_वाघमाऱ्या
मास्तर, विनोबांच्या मागं लेकीचं लगन राहिलं नव्हतं आणि सोसायटीचं कर्जही. त्यांनी सोडलं. आमच्या माणसाला सोडायला लावतात.

पैठणचे_निवृत्त_मास्तर
हे मान्य करावं लागेल.

वकील_धाराशिव
कायद्याचं थोडं, कारण वर बरेच गैरसमज दिसतात. मार्च २०११ ला अरुणा शानबाग, म्हणजे हल्ल्यानंतर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या केईएमच्या नर्स, यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं उपचार थांबवायचा रस्ता पहिल्यांदा उघडला, अरुणाताईंसाठी मात्र परवानगी दिली नाही, केईएमच्या नर्सेसनाही ते नको होतं, त्याच त्यांना सांभाळत होत्या. ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळं फारसं कुणी केलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे केले. आता कागद, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तुमच्यावतीनं बोलणाऱ्यांची नावं त्यातच लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. लेकीचं नाव टाका, लग्न झालं असलं तरी. लातूरच्या ताई, हे तुमच्यासाठी.

एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या कस्टोडियनकडं, म्हणजे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं. मुंबईच्या एका डॉक्टरनं हायकोर्टात जनहित याचिका केल्यावर राज्यानं असे कस्टोडियन नेमले. आणि नुसत्या कागदावर कुणी मशीन काढत नाही, आधी दवाखान्याचं डॉक्टरांचं मंडळ बसतं, मग दुसरं मंडळ, मॅजिस्ट्रेटला कळवायचं. त्यामुळं "सही केली की संपवतात" ही भीती कायद्याच्या हिशोबानं खरी नाही.

जालन्याचा_वाघमाऱ्या
कायद्याच्या हिशोबानं. बरं.

औंढ्याची_आशाताई
मी आशा वर्कर, हिंगोली जिल्हा. तुम्ही सगळे आयसीयूचं बोलायलेत. आमच्या तांड्यावर आयसीयूपर्यंत जातंय कोण? तोंडाच्या कॅन्सरचा एक बाबा होता, शेवटचे दोन महिने दुखणं सहन होईना, रात्री सगळा तांडा ऐकायचा. दुखणं थांबवायच्या मॉर्फिनच्या गोळ्या कुठं भेटतात ते तालुक्याला कुणी सांगू शकलं नाई. केरळात म्हणे गावोगाव लोक घरी जाऊन बघतात असल्या पेशंटला, तिथल्या सरकारनं २००८ लाच धोरण केलं. आमच्या बाबाला मशीन नको का पाहिजे असं विचारणं म्हणजे चेष्टा झाली असती. त्याला गोळी पाहिजे होती.

बीड_ते_लेस्टर
आशाताई, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं. २०१४ ला कायदा बदलून मॉर्फिनचे परवाने सोपे केले, तरी तालुक्याला गोळी नाही. आणि इंग्लंडचं कौतुक नको, २०२० ला कोविडच्या पहिल्या लाटेत इथंही काही ठिकाणी पेशंटला न विचारता "छाती दाबू नका" अशी नोंद फाइलवर केली होती, त्याची चौकशी झाली. तेव्हापासून माझ्या आशियाई पेशंटांना तो कागद दाखवला की खुर्ची मागं सरकते. कागद वाईट नव्हता. कुणी आणि कसा आणला ते वाईट होतं.

लातूरची_लेक
म्हणजे शेवटी सगळे म्हणताय आत्ता नको, आधी हे नीट करा, आधी ते नीट करा. मॉर्फिन येईपर्यंत, भरवसा येईपर्यंत बायकांनी हात बांधून घ्यायचे का? मी स्वतःचा कागद करणार आहे, वकील साहेब, नमुना पाठवा. आणि ब्रदर, तुम्ही स्वतः आयसीयूत अकरा वर्षं, तुमच्या आईला विचारलंय का कधी?

आयसीयू_ब्रदर
नव्हतं विचारलं, खोटं कशाला बोलू. काल सुट्टीला गावाकडं आलोय, रात्री आई भाकरी थापायली होती तेव्हा विचारलं. आधी तर "मेली का मी आत्ताच" म्हणून उलथनं दाखवलं. मग बराच वेळ काही बोलली नाई. मग म्हणली, नळी घाल नायतर नको घालू, ते तुझं तुला कळतंय, पण मला शेवटी धाकट्याच्या फ्लॅटवर नेऊ नका, तिथं लिफ्टमधी तिरडी मावत नाई.

वकील_धाराशिव
हे जसंच्या तसं लिहून घ्या. नोटरीला चालतं.