फोनमधली पावलं बघून रोजचं कॅलरीचं लक्ष्य बदलावं का?

पहाटे फुटाळा
माझं मत आधीच सांगतो: बदलू नका. मी दोन महिने करून पाहिलं. वजन ८२ होतं, ८२च राहिलं. पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावावर चालायला जायचो, घरी येईस्तोवर दहा हजार पावलं व्हायची आणि जेवणाच्या ॲपमध्ये ४३० कॅलरी हिरव्या अक्षरात जमा. जमा दिसलं की खर्च करावंसं वाटतंच. मग येताना तर्री पोहे, वरून "भाऊ, थोडी तर्री अजून टाका". त्यावर तरंगणारं तेल मोठा चमचाभर धरलं तरी १२० कॅलरी तिथंच गेल्या. पोहे, चना, शेव वेगळे.

गडबड नंतर कळली. सुरुवातीला ॲपनं "दिवसभरात हालचाल किती?" असं विचारलं होतं. रोज चालतो म्हणून मी "सक्रिय" निवडलं. म्हणजे चालणं लक्ष्यात आधीच धरलेलं होतं, वर पावलांचं पुन्हा जमा. एकाच कामाची मजुरी दोनदा. शिवाय त्या ४३० मध्ये मी घरी नुसता बसलो असतो तरी जळल्या असत्या, त्याही कॅलरी होत्या. चालण्यानं जास्तीच्या जळतात त्या साधारण दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अर्धी. सात किलोमीटर, ८२ किलो: २८७.

वॉर्डातली ताई
भाऊ, तुमचं चालणं रोज सारखं, म्हणून तुम्हाला एक आकडा पुरतो. मी नर्स आहे. ड्युटीला १४ हजार पावलं, सुटीच्या दिवशी ३ हजार. दोन्ही दिवशी १,५०० कॅलरी काहून? ते करून पाहिलं. संध्याकाळी सहाला हात थरथरायला लागले, घरी येऊन उभ्या उभ्या पाव किलो संत्रा बर्फीचा अर्धा डबा संपवला. चूक पावलांची नव्हती, तुमच्या "सक्रिय"ची होती. तिथे "बैठं काम" निवडा आणि मग पावलांचं जमा होऊ द्या. कमी चाललात तर लक्ष्य घटवायचीही सोय असते, तीही सुरू ठेवा. लोक वाढ तेवढी घेतात.

मानेवाड्याची गृहिणी
माझा फोन सकाळभर ओट्यावर असतो. पोळ्या, धुणं, गच्चीवर कपडे, कूलरला पाण्याच्या बादल्या, यातलं एकही पाऊल त्यात येत नाही. संध्याकाळी १,९०० पावलं दाखवतो आणि लक्ष्य कमी करतो. मी कमी जेवायचं ते याच्या सांगण्यावरून?

सेमिनरी हिल्सकर
मी पहिल्या भावांच्या बाजूचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांनी बरोबर मोजली, पण कॅलरीत सगळ्यांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. खिशातल्या फोनला तर नाडीही कळत नाही. तो हिसके मोजतो, बाकी उंची-वजनावरून अंदाज. आणि दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला. "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. अशा आकड्यावर रोज ताट मांडायचं नाही.

वॉर्डातली ताई
अंदाज चुकतो, मान्य. पण त्याच माणसाचा तोच फोन रोज जवळपास तसाच चुकत असेल, तर १४ हजार आणि ३ हजार यातला फरक खराच असतो. मे महिन्याचं सांगा. पारा ४५ला गेला की फुटाळ्यावर किती दिवस जाता? पावलं निम्मी झाली तरी तुमचा ठरलेला आकडा तोच राहणार.
एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते: इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर ॲपच्या भरवशावर जेवण कमीजास्त करू नका. चालणं वाढलं, जेवण घटलं आणि डोस तोच, तर साखर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

पहाटे फुटाळा
मे महिन्याचा मुद्दा बिनतोड आहे ताई. मेमध्ये मी आठवड्यातून दोनदाच जातो. तरी रोज बदलणं मला पटत नाही. तीन आठवड्यांचं सरासरी वजन बघून आकडा बदलेन. ड्युटीवाल्यांचं वेगळं, हे मानतो. "बैठं काम" आजच केलं. जमा झालेल्यातलं निम्मंच खाईन, आणि वरची तर्री बंद.

मानेवाड्याची गृहिणी
परवा गाऊनला खिसा शिवला आणि काल सकाळपासून फोन त्यातच ठेवला. दुपारी दोनपर्यंत ४,६००. काल दुसरी भाकरी घेतली.