चुकून शेजारी गेलेलं पार्सल: तुमचे अनुभव लिहा

घोडबंदरची
मघाशी गेटवरून इंटरकॉम आला, "मॅडम, आम का पेटी आया है." मी तर मागवलीच नव्हती. खाली जाऊन बघते तर लेबलवर १६०२. आम्ही ६०२. लिफ्टमध्ये त्या वासाने २०१९ चा मे आठवला.

तेव्हा सासूबाईंच्या माहेरून देवगडची पाच डझनाची पेटी निघाली होती. ट्रॅव्हल्सवाल्याने पहाटे माजिवड्याला उतरवली, तिथून टेम्पो घरपोच देणार. टेम्पोवाला म्हणे, दिली. कुणाला? "आजोबा होते." आमच्या घरात आजोबाच नाहीत. तीन दिवस मी सगळ्या विंग आणि दोन्ही गेटची रजिस्टरं पालथी घातली. सासूबाईंचा संशय समोरच्या फ्लॅटवर, का तर त्यांच्या कचऱ्यात कोयी दिसल्या. (मे महिन्यात कोणाच्या कचऱ्यात कोयी नसतात?)

चौथ्या दिवशी आमच्या कामवाल्या मावशी सहज म्हणाल्या, "१६०२ चे आजोबा रोज आंबे चिरायला लावतात. पोरगा परदेशात, एवढे आणले कुणी?"

वर गेले. त्यांना ऐकू कमी यायचं, चार वेळा बेल मारली. पेटी मुलानेच पाठवली असं ते धरून चालले होते. पलंगाखाली पेपर पसरून छान आढी लावलेली, रोज उठून आंबे उलटत होते. मी चाचरत सांगितलं. चष्मा लावून त्यांनी पेटीवरचं नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून दिलं: खाल्ले ११, सडके २, शिल्लक ४७. अकराचे पैसे घ्या म्हणून हटून बसले. मी घेतले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला पिशवी अडकवलेली, आत मोजून अकरा आंबे. सासूबाईंनी नुसत्या वासावर सांगितलं, कर्नाटकचे आहेत. खाल्ले पण.

आजोबा आता नाहीत. वर भाडेकरू राहतात, बेल मारली तर दार बंद. पेटी माझ्या हॉलमध्ये. तुम्ही लिहा तोवर, मी वास घेत बसते.

पाचपाखाडीकर
चार दिवसांत ११ म्हणजे आजोबा संयमी. आमच्या मजल्यावर आली असती तर फक्त पेटीच्या फळ्या-खिळे परत मिळाले असते.

सेक्टर१९
आमच्याकडे नव्या मुंबईत शेजारी शेजारी नसतोच. सेक्टर १९ नेरूळला, वाशीला, खारघरला, सगळीकडे. भाचीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला ब्लाउज आमच्या नेरूळऐवजी खारघरच्या सेक्टर १९ ला, त्याच प्लॉट नंबरवर, त्याच फ्लॅटला. लग्न परवावर. बाईंचाच फोन आला, "तुमचा ब्लाउज मला अगदी बरोबर बसतोय हो. पण उतरवून ठेवलाय, घेऊन जा." तीन स्टेशनं आणि पुढे रिक्षा करून आणला. बाहीला अत्तराचा वास. त्यांनी चहा पाजला, आता दिवाळीला मेसेज असतो.

निवृत्त_टपाल
ताई, पिनकोड बघितला असता कुणी तर हे घडलंच नसतं. नेरूळ ४००७०६, खारघर ४१०२१०. खारघर रायगड जिल्ह्यात. सारख्या नावाच्या गावांचा घोळ मिटवायलाच तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो आणला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. आता पोरं लोकेशन मागतात, पत्ता कुणी वाचत नाही.

सेक्टर१९
काका पिनकोड बरोबरच होता हो, मी स्वतः टाकलेला. टेलरच्या पोराने रिक्षावाल्याला नुसतं "सेक्टर उन्नीस" सांगितलं.

निवृत्त_टपाल
मग टपाल खातं निर्दोष.

कोपरीची_लेक
आईने समोरच्यांचं सीओडी पार्सल घेतलं, ६४९ रुपये भरले. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आम्ही मागवलंच नाही." नाव त्यांचं, नंबर त्यांचा. आई भिडस्त, गप्प बसली. आत मुलांचा पावसाळी कोट. जूनमध्ये त्यांचा नातू तसाच, त्याच रंगाचा कोट घालून लिफ्टमध्ये. म्हणजे पुन्हा मागवला! आमचा अजून माळ्यावर आहे. आमच्याकडे त्या मापाचं कुणी नाही. कुणाला हवाय का, वय ६-७?

टक्कल_नाही_अजून
माझं केसांचं तेल आणि गोळ्या खालच्या काकांकडे गेल्या. काकांनी फोडून बघितलं, पुन्हा चिकटपट्टी लावली, तीही वाकडी. देताना काही म्हणाले नाहीत. पण तेव्हापासून गणपतीच्या आरतीला, सोसायटीच्या मीटिंगला, जिन्यात, जिथे भेटतील तिथे: "माका लावून बघ." काकूसुद्धा डोक्याकडे बघूनच बोलतात.

घोडबंदरची
@टक्कल मग लावलात का माका?

टक्कल_नाही_अजून
लावला. फरक नाही. त्यांना सांगू नका.

नकाशेवाला
२०२५ पासून टपाल खात्याचा डिजिपिन आहे, दहा अक्षरांचा डिजिटल पत्ता. साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन नेमका सापडतो.

पाचपाखाडीकर
अहो पण मजला कुठे कळतो त्यात? ६०२ आणि १६०२ एकावर एक. दोघांचा डिजिपिन एकच निघायचा. पेटी परत आजोबांकडेच.

सेक्रेटरी_नाइलाजाने
आमच्याकडे गेटवर रॅक केलाय. रजिस्टरला फ्लॅट नंबर, सही, वेळ. तरी काल तिघे भांडले, कारण वॉचमनचा १ आणि ७ सारखाच दिसतो. जास्त लिहीत नाही, खाली परत कोणीतरी आलंय.

कोपरीची_लेक
विषयांतर, पण यंदा पेटी कितीला? गावदेवी मैदानावर आंबा महोत्सवात घ्यावी की वाशी मार्केटला जावं?

पाचपाखाडीकर
वाशीला चार घरं मिळून गेलात तर परवडतं. आणि ऐका, २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात ठाणे जिल्हाही आहे. तेव्हा देवगडवाल्यांनी नाक मुरडू नये.

घोडबंदरची
सासूबाईंना वाचून दाखवलं. मुरडलं.

अपडेट: १६०२ मधली मुलगी आत्ता ऑफिसातून आली. म्हणते, "ताई, पेटी आमची नाही." लेबल नीट बघितलं तर घरमालकाचं नाव. म्हणजे आजोबांचा मुलगा! तो तिकडे परदेशात, आणि गावाकडच्या कुणीतरी जुन्याच पत्त्यावर पाठवलीय. तिने त्याला मेसेज टाकलाय. तिकडे रात्र आहे.

सेक्टर१९
अरे देवा. मोजून ठेवा मग.

घोडबंदरची
उघडली. बरेच हिरवे आहेत, दोन मात्र आजच खायला झालेत.

निवृत्त_टपाल
बंद पेटीत ठेवू नका, गरम होऊन सडतील. आढी लावा. पेंढा आहे का?

घोडबंदरची
कासारवडवलीत पेंढा कुठून आणू काका. पेपर पसरतेय पलंगाखाली.