मदत हवी आहे: बालकवींच्या 'औदुंबर'मधलं सौंदर्य समजावून सांगा न

दादा-ताईहो, बीएच्या असाइनमेंटसाठी 'श्रावणमास' आन 'औदुंबर' कम्पेअर करायच्या आहेत, सौंदर्य ह्या विषयावर. 'श्रावणमास' मले लगेच समजली, घडीत पाऊस, घडीत ऊन, सगळं हसतं-हलतं, आमच्या वावरातबी श्रावणात अस्संच असते. पण 'औदुंबर' फक्त आठ ओळींची, त्यात झरा, हिरवाळी, चार घरांचं गाव, आन मंग ती पांढरी पायवाट काळ्या डोहाकडं जाते न, तिथं काळजात धस्स होते. त्या पाण्यावरचा काळिमा 'गोड' काहून म्हटला असन? मले वाटते इथं सौंदर्य आन उदासी वेगळी काढताच येत नाही, एकाच पाण्यात आहे दोन्ही. हे बरोबर आहे का? सोमवारी द्यायचं आहे, कोणी शिकवत असन तर सांगा प्लीज.