जमिनीच्या हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते का?

प्रश्न (तासगाव): आमच्या शेताचा बांधालगतचा पट्टा मोबदला न देता रस्त्यासाठी घेण्यात आला. अनुच्छेद ३२ खाली थेट दिल्लीत दाद मागता येते, असे गावात सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर (सांगली): नाही. अनुच्छेद ३२ मूलभूत हक्कांपुरता आहे, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क त्या भागातून काढून अनुच्छेद ३००क मध्ये ठेवला, म्हणून तो आज घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नव्हे. तरीही कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, आणि त्यासाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. गावातल्या चर्चेत हा फरक नेहमीच गळतो.

उत्तर (कराड): त्यासाठी आता मुंबई गाठण्याचीही गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सातारा व सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी सुरू आहे. मात्र आधी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा जमवावा व भूसंपादनाची अधिसूचना निघाली होती का, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारावे, कारण हद्दीचाच वाद असल्यास न्यायालय दिवाणी दावा लावण्यास सांगू शकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मोजणीचा नकाशा काढलेलाच नाही. तो अर्ज आधी करतो.