मदत हवी आहे: पुण्यात उत्तम चालणारा फोन गावी आला की मुका होतो

ओटीवरचा (धागाकर्ता):

मंडळी, नमस्कार. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून दोन महिने गावी मुक्काम आहे, संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या अलीकडे. घर जुनं, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. माझा अँड्रॉइड फोन पुण्यात एकदम झकास चालतो, चार दांड्या कायम. इथे आल्यापासून मात्र रेंजचा पत्ता नाही. माजघरात शिरलं की थेट 'नो सर्व्हिस'. ओटीवर एखादी दांडी येते-जाते. फोन लावणाऱ्याला 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं आणि माझा फोन तर खिशातच असतो. काल बँकेचा ओटीपी यायला अकरा मिनिटं लागली, तोही भर पावसात विहिरीच्या कठड्यावर छत्री धरून उभा राहिलो तेव्हा. बॅटरी दुपारी तीनलाच संपते.

केलेले उपाय: फोन बंद-चालू, एअरप्लेन मोड, सिम काढून पुसून पुन्हा घालणं, दुसऱ्या स्लॉटमध्ये घालणं, सॉफ्टवेअर अपडेट, शेवटी नेटवर्क रिसेट. (रिसेटने रेंज आली नाहीच, वर सगळे वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या उडाल्या. करणाऱ्यांनी आधी लिहून ठेवा.)

गावातले सगळे म्हणतात, इथे रेंजची बोंबच आहे. नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

सुपारीबाग:

आमच्या राजापुरातही हीच कथा. पावसाळ्यात रेंज कमीच होते, पावसाचं पाणी लहरी अडवतं. दिवाळीपर्यंत थांबा :)

शेवग्याची शेंग:

ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतो. कौलांवर अँटेना लावायची, घरात एक डबा. आमच्या ओळखीत एकाने लावलाय, पाच दांड्या येतात.

खटपट्या:

@शेवग्याची शेंग, कृपा करून हा सल्ला देऊ नका. असा बूस्टर खासगी माणसाने बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगायला बंदी आहे, आता २०२३चा दूरसंचार कायदा आला तरी बूस्टर मोकळा झालेला नाही. ऑनलाइन विकायला ठेवलाय म्हणून कायदेशीर होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हा डबा टॉवरच्या दिशेने गोंगाट करतो. तुम्हाला पाच दांड्या आणि अख्ख्या वाडीची बोंब.

@सुपारीबाग, मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांनी जवळपास काही होत नाही. ते दुखणं डिश टीव्हीचं. पावसाळ्यात खरा फरक पडतो तो ओल्या, दाट झाडीने आणि पाणी प्यायलेल्या भिंतींनी. शिवाय लाईट गेली की टॉवरची बॅटरी किती तास टिकते हाही प्रश्न असतोच.

@ओटीवरचा, पोर्टचं नंतर बघू. आधी दांड्या मोजणं बंद करा. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या मनाने ठरवते. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ असं दिसेल. तिथे उणे काहीतरी डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असा आकडा असतो. फोरजीवर −८५ च्या आसपास म्हणजे मस्त, −१०० म्हणजे चालतंय, −११० च्या खाली रडारड, −१२० ला फोन हात टेकतो. उण्यातला आकडा आहे, तेव्हा जितका शून्याच्या जवळ तितका चांगला.

आता एक काम करा. ओटी, माजघर आणि विहीर, तिन्हीकडे दोन-दोन मिनिटं थांबून आकडा लिहून घ्या. मग हेच सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालून त्याच जागी पुन्हा. दुसरा फोन, पण सिम तेच, हे महत्त्वाचं. आणि दोन्ही फोनवर नेटमॉन्स्टर नावाचं फुकट ॲप टाकून बँड (टॉवरशी बोलायची फ्रिक्वेन्सी) कुठला आहे ते बघा. एक फोन ८५० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा २३०० वर असेल तर तुलनेला अर्थ नाही. ८५० भिंतीतून, झाडीतून बराच आत येतो. २३०० जांभ्यापुढे लोटांगण घालतो.

कट्ट्यावरची:

फाइव्हजी चालू आहे का? असेल तर सेटिंगमधून फोरजीवर आणा. काठावरच्या रेंजमध्ये फोन फाइव्हजी-फोरजी असा झोके घेत बसतो, बॅटरी त्यातच जाते. आणि कोणी *#*#४६३६#*#* दाबून लपलेल्या मेनूतून 'एलटीई ओन्ली' (फक्त फोरजी) करायला सांगितलं तर जपून. व्होल्टी (फोरजीवरूनच कॉल करायची सोय) बंद असेल तर कॉलच यायचे थांबतील. माझ्या सासूबाईंचा फोन भाच्याने असा 'सुधारून' दिला होता, चार दिवस त्यांना वाटत होतं आपल्याला कोणी फोन करत नाही.

ओटीवरचा:

सगळ्यांचे आभार. फाइव्हजी बंद केलं, व्होल्टी चालू आहे. सकाळी वही घेऊन फिरलो, वडील ओटीवरून बघत होते, म्हणाले तलाठ्यासारखा काय मोजणी करतोयस. आकडे असे:

माझा फोन: ओटीवर −११६ डीबीएम, २४ एएसयू. विहिरीपाशी −१०४. माजघरात काहीच नाही.
वडिलांचा सहा वर्षं जुना फोन, सिम माझंच: ओटीवर −९७, विहिरीपाशी −८६, माजघरात −११०, तरी कॉल लागला.

दोन्ही फोन बँड ५ वर होते, म्हणजे ८५०च ना? एएसयू म्हणजे काय ते कळलं नाही.

खटपट्या:

हो, बँड ५ म्हणजे ८५०. एएसयू सोडून द्या, फोरजीत डीबीएममध्ये १४० मिळवले की तोच आकडा येतो.

आता मजा बघा. ओटीवर १९चा फरक, विहिरीपाशी १८चा. हे डेसिबल आहेत, रुपये नव्हेत. ३ने कमी म्हणजे शक्ती निम्मी, १०ने कमी म्हणजे दहावा हिस्सा. १८-१९ म्हणजे त्याच जागी, त्याच सिमवर तुमच्या फोनच्या पदरात साठ ते ऐंशी पट कमी सिग्नल पडतोय. दोन मॉडेलांत पाच-सहाचा फरक मी समजू शकतो. एवढा नाही. आणि जागा बदलली तरी फरक तेवढाच राहतो, म्हणजे भिंतीचा किंवा झाडीचा दोष नाही. गाव निर्दोष, फोन बहिरा.

'पुण्यात तर चालतो' यामुळे तुमची दिशाभूल झाली. शहरात टॉवर हाकेवर. तिथे −७५ येत असेल तर त्यातून १९ गेले तरी −९४ उरतात, फोन खुशाल चार दांड्या दाखवतो. तुम्हाला कळणारच नाही. इथे मुळात −९७, त्यातून १९ गेले की संपलं. बॅटरीचंही तेच कारण: टॉवरला ऐकू जावं म्हणून फोन दिवसभर घसा फाडून ओरडतोय.

फोन कधी पडला होता? उघडला होता? कव्हर धातूचं आहे का, किंवा मागे गाडीच्या स्टँडची लोखंडी चकती चिकटवली आहे?

ओटीवरचा:

कव्हर साधं सिलिकॉनचं. चकती नाही.

पडला होता... मे महिन्यात पुण्यात जिन्यावरून. डिस्प्ले बदलून घेतला होता एका दुकानातून. त्यानंतर काही त्रास नव्हता म्हणून लिहिलं नाही. त्याचा रेंजशी काय संबंध?

स्क्रूड्रायव्हर:

भाऊ, हे आधी सांगायचं ना राव! नगरला बारा वर्षं हाच धंदा करतोय, डोळे झाकून सांगतो.

बऱ्याच फोनमध्ये मेन अँटेना खाली असते, चार्जिंगच्या भोकाच्या बाजूला, छोट्या चार्जिंग बोर्डवर. मदरबोर्ड वर. मधे बॅटरी. वरून खाली सिग्नल न्यायला बॅटरीच्या कडेने एक बारीक वायर जाते, शेवईएवढी, काळी नाहीतर पांढरी. दोन्ही टोकांना प्रेस बटणासारखी गोल टिकली. आपल्या झंपरचं टिचबटण असतं ना, तसंच, फक्त तिळाएवढं. डिस्प्ले बदलताना कितीतरी मॉडेलमध्ये सगळं बाहेर काढावं लागतं. परत लावताना ती टिकली 'टक' करून बसली नाही, किंवा वायर बॅटरीखाली चेपली, की फोन चालू होतो, कॅमेरा चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. रेंज तेवढी अर्धमेली. दुकान शहरात, तिथे चेक करताना दांड्या फुल्ल. कोणाच्या लक्षात येत नाही. मीसुद्धा नवशिका असताना दोनदा केलंय, खोटं का बोलू.

घरच्या घरी एक टेस्ट. सिग्नलचा आकडा उघडा ठेवा, फोन टेबलावर उताणा. मग खालचा चार बोटं भाग मुठीत घट्ट पकडा. अँटेना तिथे असेल आणि धड असेल तर आकडा पाच-दहाने पडायला पाहिजे. ढिम्म हलला नाही तर बहुतेक ती जोडलेलीच नाही. शंभर टक्के पक्की टेस्ट नाही ही, पण अंदाज येतो.

स्वतः उघडू नका. मागची काच हेअर ड्रायरने काढायचे व्हिडिओ बघून येतात लोक, आणि मग बॅटरीला पिन लागलेली असते.

ओटीवरचा:

हलत नाही!! पाच वेळा करून बघितलं. −११६, −११५, −११६. वडिलांचा फोन मुठीत धरला की −९७ वरून −१०५. वर एक बोट ठेवून बघितलं तर माझा आकडा थोडा पडला, म्हणजे तो वरच्याच कुठल्यातरी अँटेनावर जगतोय का?

स्क्रूड्रायव्हर:

बरोबर. वरची दुसरी अँटेना ऐकण्यापुरती मदत करते, तिच्यावर गाडी ढकलतोय. जवळ कोण आहे त्याच्याकडे जा, समोर बसून उघडायला लावा आणि फक्त 'अँटेना वायर बघ' म्हणा. 'नेटवर्क येत नाही' म्हणालात तर आयसीचा (मदरबोर्डवरच्या चिपचा) खर्च ऐकवेल एखादा.

सुपारीबाग:

वा, हे नवीनच. मी उगाच वरुणराजाला बोल लावला.

ओटीवरचा:

अपडेट. उशिरा लिहितोय, मध्ये वडिलांचे टाके काढायचे होते.

देवरुखला बाजारातल्या एका मुलाकडे गेलो. विशीतला असेल. मागचं उघडलं, बॅटरीच्या कडेची वायर चिमट्याने उचलली, खालची टिकली नुसती वर टेकलेली होती, बसलेलीच नव्हती. त्याने अंगठ्याच्या नखाने दाबली. आवाज मलाही ऐकू आला. पाच मिनिटं. नवीन गोंद लावून रबर बँड घालून दिला, म्हणाला संध्याकाळपर्यंत काढू नका. शंभर रुपये.

आता ओटीवर −९९, विहिरीपाशी −८७. माजघरात −१११, म्हणजे वडिलांच्या फोनइतकंच. मुठीत धरलं की आकडा पडतो. आज रात्री नऊला बॅटरी ४१ टक्के आहे.

माजघराचं काय करू? वडील तिथेच झोपतात.

खटपट्या:

मस्त! माजघराचा −१११ मात्र आता खरोखर जांभ्याचा. त्याला फोनमध्ये औषध नाही. गावात केबलवाल्याचं फायबर आलं असेल तर साधं कनेक्शन घ्या आणि दोन्ही फोनवर वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल टॉवरऐवजी इंटरनेटवरून येतो, नंबर तोच, आमच्या प्लॅनमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, ओटीपीही येतात. वडिलांच्या फोनमध्ये ती सोय आहे का ते आधी बघा, सहा वर्षांपूर्वीच्या सगळ्याच मॉडेलांत नसते. राउटरला छोटा यूपीएस जोडा, नाहीतर लाईट गेली की पुन्हा विहीर.

पोर्ट करायचंच असेल तर आधी शेजाऱ्यांकडून त्या कंपनीचं सिम मागून तुमच्या फोनमध्ये घाला, माजघरातला आकडा बघा, आणि मगच १९०० ला एसएमएस पाठवा.

ओटीवरचा:

फायबर शेजारच्या वाडीपर्यंत आलंय, केबलवाला गणपतीनंतर वायर ओढतो म्हणतो. वडिलांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंगचं बटण सापडलं. शेजारच्या काकूंचं सिम उद्या मागतो.

शेवग्याची शेंग:

बूस्टरचा सल्ला मागे घेते. पण माझ्या फोनचंही मागच्या महिन्यात मागचं काचेचं पॅनेल बदललंय आणि तेव्हापासून वायफाय दोन खोल्या सोडल्या की तुटतं. हेच कारण असेल का?

स्क्रूड्रायव्हर:

असू शकतं ताई, पण वायफायची अँटेना वेगळी, बहुतेक फोनमध्ये वरच्या बाजूला, आणि तिला पुष्कळदा वायर नसते, पत्र्याचे स्प्रिंग असतात. मॉडेल नंबर टाकून नवीन धागा काढा, इथे गल्लत होईल.